हिवाळ्यांत कोंबडीच्या पिलांस ऊब कशी द्यावी

आपल्या बालाघाटाच्या माळावर दिवाळी सरली कीं कोरडा वारा सुरू होतो, आणि मार्गशीर्ष-पौषांत तर दुपारीं अंगांतला सदरा नकोसा व्हावा व पहांटे घोंगडी पुरूं नये, असा हवेचा प्रकार असतो. मराठवाड्याची थंडी ती काय, अशी पुष्कळांची समजूत आहे. परंतु सन २०१८ च्या डिसेंबरअखेर परभणीस पारा २ अंश सेल्सियसच्या आसपास उतरला होता, ही गोष्ट विसरून चालणार नाहीं. मोठ्या जनावरांस अशी थंडी सोसवते. अंड्यांतून नुकत्याच बाहेर आलेल्या, ओंजळींत मावणाऱ्या पिलास मात्र ती एका रात्रींत पुरी पडते.

जळकोटच्या आसपास परसांत पांच-दहा कोंबड्या बाळगणारीं घरें पूर्वींपासून आहेत. त्यांस पिलांच्या उबेची चिंता पडत नसे, कारण तें काम कोंबडी करी. अलीकडे मात्र उबवणी केंद्रांतून एक दिवसाचीं पिलें विकत आणण्याचा प्रघात वाढला आहे. पशुसंवर्धन खात्याच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेंतहि लाभार्थ्यांसाठीं दोन प्रकार ठेवलेले होते : एक दिवसाचीं १०० पिलें, किंवा ८ ते १० आठवड्यांच्या २५ तलंगा व ३ नर. ह्या दोहोंत मोठें अंतर आहे. तलंग ही अंगावर पिसें आलेली, आपलें पोट आपण भरणारी असते. एक दिवसाचें पिलूं म्हणजे आई नसलेलें तान्हें लेंकरूं होय. केंद्र सरकारच्या परसांतील कुक्कुटपालनाच्या योजनेंत पिलें चार आठवडे मातृ-एककांत वाढवून मगच कुटुंबांच्या हवालीं करण्याची पद्धत ठरविण्यांत आली, तिचेंहि कारण हेंच. हे पहिले चार आठवडे ज्यास साधले त्याचा धंदा उभा राहिला. ज्यास साधले नाहींत त्याचें भांडवल पिलांबरोबरच मातींत गेलें.

प्रस्तुत लेखांत सांगावयाचें तें थोडक्यांत इतकेंच कीं, पिलांस ऊब द्यावी, पण त्यांची हवा कोंडूं नये. आणि ऊब पुरेशी आहे किंवा नाहीं, हें यंत्रापेक्षांहि पिलांकडे पाहून ठरवावें. ह्यांतील दुसरा भाग, म्हणजे हवा कोंडण्याचा, मीं स्वतः मोठी किंमत देऊन शिकलों आहें. त्याची हकीकत ओघानें पुढें येईलच.

पिलास बाहेरून ऊब कां लागते

पूर्ण वाढलेल्या कोंबडीच्या अंगची उष्णता १०६ ते १०७ अंश फॅरनहाइट असते. नुकत्या जन्मलेल्या पिलाची त्याहून कांहीं अंश कमी असते; आणि जी असते तीहि स्वतःच्या बळावर टिकवून धरण्याची शक्ति त्याच्या अंगीं पहिले दोन आठवडे फारशी नसते. लहान वाटींतलें दूध लौकर निवतें आणि घंगाळांतलें पाणी बराच वेळ ऊन राहतें, तोच न्याय येथें लागू आहे. पिलाचें शरीर लहान. त्या मानानें उघडी बाजू फार. अंगावर पिसें नसून नुसती लव असते, आणि ती लव ओली झाली तर तिचा कांहींच उपयोग होत नाहीं. खरीं पिसें तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत अंग झांकूं लागतात, तोंपर्यंत पिलूं परक्या उबेवर अवलंबून असतें.

दुसरी गोष्ट बलकाची. अंड्यांतून बाहेर पडण्यापूर्वीं पिलूं उरलेला पिवळा बलक आपल्या पोटांत ओढून घेतें. ही शिदोरी त्यास दोन-तीन दिवस पुरते, आणि म्हणूनच एक दिवसाचीं पिलें खोक्यांत भरून दूरच्या गांवीं नेतां येतात. पण हा बलक नीट जिरण्यासाठींहि ऊब लागते. गारठलेलें पिलूं पाण्याकडे जात नाहीं, दाणा टिपत नाहीं. पोटांतला बलक तसाच राहतो व सडूं लागतो. त्यामुळें थंडी आज रात्रीं लागते आणि मरण येतें तिसऱ्या-चौथ्या दिवशीं. मधल्या दिवसांत ऊन पडलेलें असतें, म्हणून मालकास कारण कळत नाहीं आणि तो पिलांच्या जातीस, नाहींतर खाद्यास बोल लावीत बसतो.

खुडूक कोंबडीचा धडा

ह्या कामांत खुडूक कोंबडीसारखा दुसरा गुरु नाहीं. एकवीस दिवस अंड्यांवर बसल्यानंतर ती दहा-बारा पिलें पोटाखालीं घेते. तिच्या पोटाखालचीं पिसें झडून कातडी उघडी पडलेली असते, तिची ऊब थेट पिलांच्या पाठीस लागते. परंतु नीट पाहिलें तर असें दिसतें कीं, ती पिलांस दिवसभर दडपून बसत नाहीं. पिलें बाहेर येतात, चार दाणे टिपतात, अंग गार पडलें कीं पुन्हां पंखाखालीं शिरतात. पोट ऊबदार, पण नाक मोकळ्या हवेंत, अशी त्यांची स्थिति असते. ऊब कोठें आहे हें पिलास ठाऊक असतें आणि तिच्याजवळ जाण्याची व तिच्यापासून दूर होण्याची त्यास मोकळीक असते. आपण पुढें जी कांहीं कृत्रिम व्यवस्था करणार तिची कसोटी हीच ठेवावी.

ज्यास दहा-पंधराच पिलें वाढवावयाचीं आहेत त्यानें दिवे व शेगड्यांच्या नादीं न लागतां गांवठी खुडूक कोंबडीच वापरावी. रात्रीं तिला पिलांसह डालग्याखालीं घालावें, खालीं कोरडें गोणपाट व त्यावर भुसकट पसरावें, आणि वाऱ्याच्या बाजूनें डालग्यास पोतें लावावें. माथा मात्र उघडा ठेवावा. परंतु बंगळूरच्या कृषि विद्यापीठानें तयार केलेली गिरिराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेनें तयार केलेली वनराज, अशा सुधारलेल्या जातींच्या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहींत. त्यांचीं पिलें यंत्रांत उबवून शेंकड्यानें मिळतात. तेथें आईचें काम पाळणाऱ्यानेंच अंगावर घेतलें पाहिजे.

जागेची तयारी

पिलें येण्याच्या आदल्या दिवशींच सर्व तयारी पुरी असावी. पिलांचें खोकें ओट्यावर ठेवून मग दिवा शोधूं लागणारे लोक आहेत. त्यांचीं निम्मीं पिलें तेथेंच गारठतात. खोली आधीं झाडून, चुना मारून कोरडी करावी. माळवदाची खोली ह्या कामीं फार चांगली. मातीच्या जाड भिंती दिवसाची ऊब रात्रीं उशिरांपर्यंत धरून ठेवतात. पत्र्याची खोली असेल तर पत्र्याखालीं तुराट्या किंवा कडबा यांचें आढें करावें. दक्षिणेची बाजू उघडी असल्यास हिवाळ्याचें ऊन आंत येतें. वारा येतो त्या बाजूस गोणपाटाचा पडदा सोडावा, परंतु तो भिंतीच्या माथ्यापर्यंत नेऊं नये. वरची वीतभर जागा हवेसाठीं मोकळी राहूं द्यावी. पिलांच्या अंगावरून जमिनीलगत वाहणारा वारा घातक. डोक्यावरून जाणारी हवा आवश्यक.

जमिनीवर दोन ते तीन इंच जाडीची गादी घालावी. भाताचें तूस, भुईमुगाचीं कुटलेलीं टरफलें किंवा लांकडाचा भुसा चालतो. आपल्याकडे सोयाबीनचें भुसकट मुबलक मिळतें, परंतु तें पावसांत भिजलेल्या गंजीचें नसावें. बुरशी लागलेल्या भुसकटाची धूळ पिलांच्या फुप्फुसांत जाऊन तीं धापा टाकून मरतात. भुसकट दोन दिवस कडक उन्हांत वाळवून, हातानें चुरून, मगच वापरावें. गादीवर पहिले एक-दोन दिवस जाडाभरडा कागद पसरावा, म्हणजे पिलें दाण्याऐवजीं भुसकट टिपणार नाहींत. गुळगुळीत कागद मात्र घालूं नये. त्यावर पाय घसरून पिलांच्या मांड्या फांकतात.

गादीच्या मध्यावर ऊब देणारें छत्र टांगावें. पत्र्याचें छत्र विकत मिळतें. नसेल तर बांबूचें मोठें टोपलें उपडें टांगून चालतें. १०० पिलांस सुमारें २०० वॅटची ऊब लागते. तीसाठीं एकच मोठा दिवा न लावतां शंभर वॅटचे दोन लावावे, म्हणजे एक गेला तरी दुसरा असतो. दिवे तारेचे, तापणारे असावे. हल्लींचे एलईडी दिवे उजेड भरपूर देतात, पण ऊब जवळजवळ देत नाहींत. खोली लखलखीत दिसते आणि पिलें गारठून मरतात. दिवे गादीपासून दीड फूट उंचीवर, नुसत्या वायरीवर न सोडतां तारेनें अगर साखळीनें पक्के बांधावे. गादीवर दिवा पडला तर आग लागण्यास वेळ लागत नाहीं. टोपलें वापरणारानें दिवा बांबूस टेंकणार नाहीं अशी विशेष काळजी घ्यावी.

छत्राभोंवतीं पत्र्याचें किंवा पुठ्ठ्याचें दीड फूट उंचीचें गोल कडें उभें करावें. पहिल्या आठवड्यांत १०० पिलांस सहा फूट व्यासाचें कडें पुरतें. पुढें तें दर तीन-चार दिवसांनीं वाढवीत जाऊन चौथ्या आठवड्यांत सुमारें ५० चौरस फूट जागा करून द्यावी. कडें गोलच असावें. चौकोनी जागेंत पिलें कोपऱ्यांत एकावर एक चढतात आणि खालचीं गुदमरतात.

ऊब किती असावी

सर्वसाधारण नियम असा आहे. पहिल्या आठवड्यांत छत्राच्या कडेशीं ९५ अंश फॅरनहाइट (३५ अंश सेल्सियस), दुसऱ्यांत ९० (३२), तिसऱ्यांत ८५ (२९), चौथ्यांत ८० (२७), आणि पुढें ७५ (२४) अंशांपर्यंत उतरावें. म्हणजे दर आठवड्यास पांच अंश फॅरनहाइट कमी. उष्णतामापक भिंतीवर खिळ्यास टांगून उपयोग नाहीं. तो गादीपासून दोन इंचांवर, पिलाच्या पाठीच्या उंचीस धरला पाहिजे. उभ्या माणसाच्या तोंडाशीं खोली ऊबदार वाटते, त्या वेळीं जमिनीशीं गारवा असूं शकतो.

ऊब कमी करणें म्हणजे दिवा थोडा वर उचलणें किंवा दोहोंपैकीं एक विझविणें होय. आपल्याकडील हिवाळ्यांत दुपार व पहांट ह्यांत फार फरक पडत असल्यामुळें दिवसां एक दिवा पुरेल आणि रात्रीं दोन लागतील. सर्वांत कठीण वेळ रात्रीं दोनपासून सूर्योदयापर्यंतची. पाळणारास झोंप अनावर होते ती वेळ आणि थंडी शिगेस पोंचते ती वेळ एकच आहे. पहिले दहा दिवस तरी घरांतील माणसांनीं पाळी लावून तीनच्या सुमारास एकदां पिलें पाहिलींच पाहिजेत.

पिलें काय सांगतात

उष्णतामापक नसला तरी अडून बसावयास नको. पिलें स्वतःच सर्व सांगतात. तीं दिव्याखालीं एकावर एक चढून बसलीं व तीक्ष्ण आवाजानें एकसारखीं ओरडूं लागलीं, तर थंडी आहे. दिव्यापासून दूर कड्याशीं जाऊन, पंख सैल सोडून, चोंच उघडून धापा टाकूं लागलीं, तर उष्णता फार झाली. सगळीं एकाच बाजूस गेलीं, तर दुसऱ्या बाजूनें वारा येत आहे. ती फट शोधावी. आणि कांहीं खात, कांहीं पीत, कांहीं पाय पसरून निजलेलीं, अशीं सर्व कड्यांत सारखीं पसरलेलीं असलीं व मंद चिवचिवाट चालू असला, तर सर्व ठीक समजावें.

ह्याशिवाय दोन परीक्षा आहेत. पिलूं उचलून त्याचे तळपाय आपल्या गालास लावावे. पाय गार लागले तर हवा ऊबदार असूनहि गादी व जमीन गार आहे, असें समजावें. गादी जाड करावी आणि पुढच्या वेळीं पिलें येण्यापूर्वीं दिवे एक दिवस आधींच लावून जमीन तापवून घ्यावी. दुसरी परीक्षा पिशवीची. पहिल्या रात्रीं आठ-दहा तासांनीं कांहीं पिलांच्या गळ्याखालची पिशवी बोटांनीं चांचपावी. ती भरलेली व मऊ असली तर पिलूं खातें व पितें. बऱ्याच पिलांच्या पिशव्या रिकाम्या लागल्या तर त्यांस थंडी बाधत आहे किंवा पाणी सांपडलेलें नाहीं.

वीज गेली तर

खेड्यांत रात्रीं वीज जाणार, हें गृहीत धरूनच तयारी असावी. आतां माझी हकीकत सांगतों. महसूल खात्यांतील नोकरी संपवून घरीं आल्यावर पहिल्याच हिवाळ्यांत मीं १०० पिलें आणलीं. संक्रांतीच्या आधींचा आठवडा होता. चौथ्या दिवशीं संध्याकाळीं वीज गेली ती लौकर येण्याचें चिन्ह दिसेना. थंडी आंत शिरूं नये म्हणून मीं खिडकीस पोतें ठोकलें, दाराच्या फटींत चिंध्या बसविल्या, माळवदावरील झरोका फरशीनें झांकला, आणि लालबुंद निखाऱ्यांची शेगडी आंत ठेवून दार लोटून घेतलें. धूर मुळींच नव्हता, म्हणून मन निर्धास्त होतें. सूनबाई पिलांजवळच अंथरूण टाकणार होती. परंतु नातवास ताप आल्यामुळें ती आंतल्या घरांतच राहिली.

पहांटे दार उघडलें तों ४३ पिलें मेलेलीं, आणि उरलेल्यांपैकीं बहुतेकांनीं माना टाकलेल्या. दाराजवळचीं तेवढीं कांहीं उभीं होतीं. शेजारी म्हणाले, गारठ्यानें गेलीं. मलाहि तसेंच वाटलें. पशुवैद्यांनीं मात्र दोन प्रश्न विचारले. मेलेलीं पिलें ढीग करून पडलीं होतीं कीं जेथल्या तेथें? आणि दार उघडतांना खोली गार होती कीं ऊबदार? पिलें जेथल्या तेथें पसरलेलीं होतीं आणि खोली चांगली ऊबदार होती. एक पिलूं चिरून त्यांनीं दाखविलें. त्याचें रक्त व मांस लालभडक होतें. पिलें थंडीनें मेलीं नव्हतीं. मीं कोंडलेल्या निखाऱ्यांच्या वायूनें मेलीं होतीं. त्या रात्रीं नातवास ताप आला नसता, तर ह्या लेखाचा विषय पिलें हा राहिला नसता.

ह्या वायूचें नांव कार्बन मोनॉक्साइड. कोळसा, गोवऱ्या, लांकूड, तुराट्या, कांहींहि अपुऱ्या हवेंत जळूं लागलें कीं तो उत्पन्न होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. धूर दिसला तर माणूस खोकतो व दार उघडतो. धूर नसलेले निखारे म्हणूनच अधिक दगा देतात. रक्तांतील जो तांबडा अंश प्राणवायु वाहून नेतो, त्यास हा वायु प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटीनें घट्ट चिकटतो. त्यामुळें फुप्फुसें चालू असूनहि शरीर आंतल्या आंत गुदमरतें. पिलूं असो, वासरूं असो कीं माणूस असो, परिणाम एकच. माणसास प्रथम डोकें दुखतें, मळमळतें, गुंगी येते. आणि झोंपेंत असल्यास तेवढेंहि कळत नाहीं. सबब बंद खोलींत शेगडी ठेवूं नये. मग ती पिलांसाठीं असो, बाळंतिणीसाठीं असो कीं म्हाताऱ्यांसाठीं असो.

मग वीज गेल्यावर करावें काय? विस्तव बाहेर ठेवावा आणि ऊब तेवढी आंत न्यावी. चुलीशेजारीं चार-सहा विटा तापवाव्या. हात क्षणभर टेंकवतां येईल इतक्या निवल्या म्हणजे त्या गोणपाटांत गुंडाळून छत्राखालीं मांडाव्या. किंवा घट्ट झांकणाच्या कळशींत उकळतें पाणी भरून, तिला पोतें गुंडाळून, मध्यावर ठेवावी. पिलें तिला चिकटून बसतात. झांकण घट्टच असावें, कारण वाफेनें व सांडलेल्या पाण्यानें गादी ओली झाली तर केलें तें वायां जातें. ही ऊब कांहीं तास टिकते, म्हणून दोन कळशा बाळगून आळीपाळीनें बदलाव्या. त्याच वेळीं कडें लहान करावें, म्हणजे पिलांची ऊब पिलांस पुरते. आणि कड्यावर अर्ध्या भागापर्यंतच गोणपाट टाकावें, उरलेला भाग उघडा ठेवावा. एकाच ठिकाणीं शंभर पिलें ठेवण्यापेक्षां पंचवीस-पंचवीसचे चार वाटे केले तर चेंगरून मरण्याचें भय कमी होतें. दुसऱ्या वर्षीं मीं एवढेंच केलें. त्या खेपेसहि तीन रात्रीं वीज गेली होती. वहींत नोंद आहे ती अशी : आणलीं १००, चार आठवड्यांत मेलीं ६.

पाणी, खाद्य व गादी

पिलें घरीं येतांच आधीं पाणी, मग दाणा, हा क्रम ठेवावा. पाणी कोंबट असावें व पहिल्या दिवशीं त्यांत थोडा गूळ विरघळवावा. दोन-चार पिलांच्या चोंची पाण्यांत बुडवून दाखविल्या कीं बाकीचीं पाहून पितात. पाण्याचें भांडें उथळ असावें, अथवा त्यांत स्वच्छ खडे टाकावे, म्हणजे पिलें आंत पडून भिजणार नाहींत. हिवाळ्यांत भिजलेलें पिलूं हातीं लागणें कठीण. पहांटेचें गार पाणी पिलें पीत नाहींत आणि पाणी न पिणारें पिलूं खातहि नाहीं. म्हणून सकाळचें पाणी बदलतांना तें कोंबट करूनच घालावें. पहिला दिवस कागदावर मक्याची बारीक भरड टाकावी, आणि दुसऱ्या दिवसापासून पिलांचें तयार खाद्य उथळ ताटलींतून द्यावें. थंडींत अंग ऊबदार ठेवण्यासाठीं पिलांस जास्त खाद्य लागतें. ताटली रात्रींहि रिकामी राहूं देऊं नये.

गादी रोज एकदां हातानें खालवर करावी. पाण्याच्या भांड्याभोंवतींची ओली जागा काढून तेथें कोरडें भुसकट घालावें. गुडघ्यावर बसून नाक गादीजवळ नेऊन पाहावें. डोळे चुरचुरले तर अमोनिया सांचला आहे. उभ्या माणसास तो कळत नाहीं, पण पिलें चोवीस तास त्यांतच श्वास घेतात. ओल्या गादींत रक्ती हगवणीचे जंतु वाढतात, आणि तिसऱ्या आठवड्यानंतर तो रोग बळावतो. थंडीच्या भयानें सर्व बाजू बंद करणारांकडे गादी ओली राहते, असें हटकून आढळतें; कारण पिलांच्या श्वासांतली वाफ बाहेर जाण्यास वाट नसते. दुपारीं ऊन असतांना दोन-तीन तास पडदे उचलावे, म्हणजे गादीहि सुकते आणि हवाहि बदलते.

प्रत्येक मरण थंडीचें नसतें

हिवाळ्यांत पिलूं मेलें कीं दोष थंडीस देणें सोपें असतें. परंतु पांढरी हगवण लागून मागची बाजू चिकटलेलीं, बेंबी सुजलेलीं व दुर्गंधी येणारीं पिलें हीं बहुधा रोगानें जातात. तीं वेगळीं काढावीं. मानमोडी, जिला राणीखेत म्हणतात, तिची लस पहिल्या आठवड्यांत डोळ्यांत किंवा नाकांत थेंब टाकून देतात. ती चुकवूं नये. सन २०२१ च्या जानेवारींत परभणीजवळील मुरुंबा गांवीं कोंबड्या मरूं लागल्या, त्या गारठ्यानें नव्हे, तर बर्ड फ्लूनें, असें तपासणींत ठरलें. म्हणून अचानक पुष्कळ पक्षी मेले तर ते उकिरड्यावर न टाकतां किंवा उघड्या हातानें न हाताळतां जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास ताबडतोब कळवावें. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मेलेल्या पिलाची तपासणी करून घेण्यास आपल्या भागांतील लोकांस तें जवळ पडतें. तपासणीनें मेलेलें पिलूं परत येत नाहीं, पण उरलेलीं वांचतात. माझीं उरलेलीं पिलें वांचलीं तीं दोन प्रश्नांमुळेंच.

ऊब केव्हां काढावी

चौथ्या आठवड्याच्या अखेरीस पाठीवर व छातीवर पिसें दिसूं लागलीं म्हणजे प्रथम दिवसांची ऊब बंद करावी आणि रात्रींचा एक दिवा आठवडाभर ठेवावा. पौषांत आलेल्या पिलांस पांच, क्वचित् सहा आठवडेहि ऊब लागते. दिनदर्शिकेंतील तारीख पाहून दिवा काढूं नये, पिसें पाहून काढावा. ज्या रात्रीं दिवा प्रथमच विझवावयाचा ती रात्र आभाळ आलेली अगर वारा सुटलेली नसावी. आणि त्या रात्रीं एकदां उठून, पिलें कोपऱ्यांत ढीग करून तर बसलीं नाहींत ना, हें पाहावें.

ज्यांच्या घरीं रात्रीं उठणारें माणूस नाहीं, अथवा ज्यांस दिवे व जागा ह्यांची सोय करतां येत नाहीं, त्यांनीं हिवाळ्यांत एक दिवसाचीं पिलें आणूं नयेत. त्यांनीं संक्रांतीनंतर थंडी ओसरेपर्यंत थांबावें, किंवा किंमत थोडी अधिक पडली तरी वाढलेल्या तलंगा घ्याव्या. ह्यांत कमीपणा कांहीं नाहीं. शंभर पिलें आणून साठ गमावणारापेक्षां पंचवीस तलंगा आणून पंचवीस राखणारा अधिक शहाणा.

ज्यांनीं पिलें आणलीं आहेत त्यांस एवढीच विनंति कीं, आज रात्रीं निजण्यापूर्वीं पिलांच्या खोलींत जाऊन दोन गोष्टी पाहाव्या : पिलें पसरून निजलीं आहेत ना, आणि भिंतीच्या माथ्याशीं हवेची वाट उघडी आहे ना. आंत शेगडी असेल तर ती बाहेर काढावी, आणि मगच दिवा मालवून निजावें.